टांकसाळीतच रंग बिघडलेली नाणी कशी ओळखावीत, तपासावीत आणि जपावीत

नाण्यांच्या ढिगात एखादं नाणं बाकीच्यांपेक्षा वेगळ्याच रंगाचं निघतं. काळंकुट्ट, विटकरी, जांभळट, कधी पितळेसारखं पिवळं. अशा बहुतेक नाण्यांचा रंग वापरात, मातीत, आगीत किंवा कुणीतरी हाताने केलेल्या रासायनिक उद्योगात बदललेला असतो आणि संग्राहकाच्या दृष्टीने ती खराब झालेली नाणी असतात. थोडी नाणी मात्र अशी असतात की त्यांचा रंग टांकसाळीच्या भट्टीत, धुण्याच्या टाकीत किंवा मुलाम्याच्या हौदात बिघडला आणि त्यानंतर त्यांच्यावर छाप बसली. गोळा करायची ती हीच. दोन्हींतला फरक एका प्रश्नावर ठरतो: आधी रंग आला की आधी छाप? खाली दिलेली जवळजवळ प्रत्येक चाचणी याच प्रश्नाचं उत्तर शोधते.

रंग कुठे आणि का बिघडतो

धातूची पट्टी लाटताना कडक होत जाते. तिच्यातून कापलेल्या कोऱ्या चकत्या तशाच छापल्या तर ठसे लवकर निकामी होतात आणि छापही पुरती उठत नाही. म्हणून चकत्या भट्टीत तापवून नरम करतात. या क्रियेला ॲनीलिंग म्हणतात. अमेरिकी टांकसाळीत हे तापमान साधारण ८७० अंश सेल्सिअसपर्यंत जातं. तांबं १०८५ अंशांना वितळतं, म्हणजे चकत्या वितळत नाहीत, पण त्या तापमानाला तांबं ऑक्सिजन भराभर घेतं. ते होऊ नये म्हणून भट्टीतल्या फिरत्या पिंपात हवेऐवजी दुसरे वायू भरतात. पुढे चकत्या पाण्यात विझवतात, सौम्य आम्लात व साबणात धुतात, वाळवतात, त्यांना काठ उचलून देतात आणि मग छापतात.

बिघाड बहुधा भट्टीत होतो. आत हवा शिरली, तापमान चढलं, किंवा एखादी चकती पिंपाच्या खाचेत अडकून पुढच्या खेपेबरोबर पुन्हा भाजली गेली, की पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर धरतो. तांब्याचा एक ऑक्साइड लाल असतो, दुसरा काळा. थर फार पातळ असेल तर प्रकाशाच्या खेळामुळे निळ्या-जांभळ्या छटाही दिसतात. नंतरच्या आम्लात हा थर अर्धामुर्धा विरघळला तर खाली तांब्याचं प्रमाण वाढलेला पृष्ठभाग उघडा पडतो, आणि एरवी पांढरं दिसणारं ७५ टक्के तांबं व २५ टक्के निकेल असलेलं नाणं विटकरी दिसू लागतं. या मिश्रधातूत तीन चतुर्थांश तांबंच असतं, निकेल फक्त त्याचा रंग दाबून ठेवतं. हे लक्षात ठेवलं की पांढऱ्या नाण्याला तांबूस रंग कुठून आला याचं कोडं उरत नाही.

आधीच्या खेपेतली तांब्याची धूळ भट्टीत चकत्यांवर चिकटून भाजली जाते, असं स्पष्टीकरण पूर्वी बऱ्याच ठिकाणी दिलं जाई. जुन्या नोंदींत अशा नाण्यांचं वर्णन तसंच सापडेल. आता बहुतेक जाणकार चुकीच्या ॲनीलिंगलाच कारण मानतात. जुनं वर्णन वाचून हा वेगळा प्रकार आहे असं समजू नका.

दुसरी जागा धुण्याची टाकी. सोनारकाम करणाऱ्यांना हे माहीत असतं: तांबं विरघळलेल्या आम्लात लोखंडाचा चिमटा बुडाला, तर आत असलेल्या दागिन्यावर तांब्याची पातळ झिलई चढते. नाण्यावर ती चढली तर अगदी पातळ, गुलाबीसर, सहज झिजणारी असते. सबंध काळसर-विटकरी झालेली नाणी भट्टीची, आणि नुसती गुलाबी झाक आलेली कदाचित टाकीची, असा कच्चा हिशोब ठेवायला हरकत नाही. पण गुलाबी झाक घरच्या घरीही सहज आणता येते, म्हणून अशा नाण्यांना हात आखडता घ्यावा.

काय काय गोळा करता येतं

*भट्टीतली नाणी.* या छंदाचा गाभा हाच. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९५८ व १९५९ सालांची फिलाडेल्फियात पडलेली अमेरिकेची पाच सेंटची नाणी. त्यांतली काही इतकी काळी निघाली की संग्राहकांनी त्यांना ‘ब्लॅक ब्यूटी’ नाव दिलं. चांगल्या नमुन्यावर काळा रंग दोन्ही बाजूंना एकसारखा, रेशमी चमकेचा असतो आणि छाप स्वच्छ उठलेली असते. अशी नाणी इतर सालांची आणि इतर देशांचीही मिळतात. अमेरिकेच्या १९९९पासूनच्या राज्य-मालिकेतल्या पाव डॉलरमध्येही विटकरी व काळपट नमुने आढळतात. थर जाड असेल तर छाप बसताना तो तडकतो आणि काही ठिकाणी त्याचे पापुद्रे सुटतात. हा दोष आहे, पण पुरावाही आहे. का, ते पुढे येईल.

*मिश्रणातला दोष.* धातू नीट न ढवळता ओतला गेला तर पट्टी लाटताना त्यातली तांब्याची नि जस्ताची रेघ लांबत जाते. काशाच्या किंवा तांब्याच्या नाण्यावर मग लाकडाच्या रेषांसारखे फिकट-गडद पट्टे दिसतात. ओळखायची खूण अगदी सोपी आहे: पट्टे सरळ व समांतर असतात, लाटण्याच्या दिशेने जातात, आणि चित्र, अक्षरं, मोकळी जागा यांची पर्वा न करता सगळ्यांवरून सलग ओलांडतात. चेहऱ्याच्या कडेशी थबकणारा किंवा अक्षराला वळसा घालणारा पट्टा म्हणजे डाग. १९८२पर्यंतच्या अमेरिकी एक सेंटवर हा प्रकार भरपूर मिळतो, त्यामुळे नवख्याने सुरुवात इथून करावी. डोळा तयार होतो आणि फसण्याची भीती कमी असते.

*थर निघालेली नाणी.* १९६५पासून अमेरिकेचे दहा सेंट आणि पाव डॉलर तीन थरांचे असतात: मध्ये शुद्ध तांबं, दोन्ही बाजूंना तांबं-निकेल. प्रत्येक बाहेरचा थर जाडीच्या साधारण एक षष्ठांश असतो. छापण्याआधीच एक थर सुटला तर ती बाजू पूर्ण तांबडी येते.

*मुलाम्याचे दोष.* १९८२च्या बदलानंतरचा अमेरिकी एक सेंट म्हणजे जस्ताची चकती आणि वर तांब्याचा मुलामा. वजनाच्या २.५ टक्केच तांबं. मुलामा चुकला तर नाणं पांढरं, पट्ट्यापट्ट्यांचं किंवा, मुलाम्यात जस्त मिसळल्याने, पितळेसारखं पिवळं निघतं. ब्रिटनची एक आणि दोन पेन्सची नाणी १९९२पासून, आणि युरोची १, २, ५ सेंटची नाणी पहिल्यापासून तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची. तिथेही तोच धोका आणि तीच संधी.

*चुकीच्या चकतीवर छापलेली.* हा रंगाचा दोष नव्हे, पण नजरेत रंगामुळेच भरतो. १९४३ साली अमेरिकी सेंट जस्त चढवलेल्या पोलादाचा होता, तरी काही काशाच्या चकत्यांवर पडले. १९४४ साली उलट झालं. म्हणून रंग वेगळा दिसला की वजन केल्याशिवाय ‘भट्टीचा दोष’ असं म्हणू नये.

चांदीच्या गुंतवणुकीच्या नाण्यांवरचे दुधी ठिपके या यादीत धरावेत की नाही याबद्दल दुमत आहे. धुण्याच्या द्रावाचा अंश चकतीवर राहून भट्टीत भाजला जातो, हे त्याचं सामान्यतः दिलं जाणारं कारण. कॅनडाच्या टांकसाळीने २०१८पासून आपल्या चांदीच्या मेपल लीफ नाण्यावर ते टाळण्यासाठी खास प्रक्रिया सुरू केली. उगम टांकसाळीतला असला तरी ठिपके नाणं विकल्यानंतर उमटतात, आणि संग्राहक त्यांना दोषच मानतात. यांच्या मागे लागू नये.

हाताशी काय हवं

दहापट मोठं दाखवणारं चांगलं भिंग, शक्यतो तीन काचांचं, कारण साध्या भिंगाच्या कडेला रंगीत झालर दिसते आणि इथे सगळा कारभार रंगाचा आहे. २० ते ४० पट मोठं दाखवणारा द्विनेत्री सूक्ष्मदर्शक असेल तर उत्तम. ०.०१ ग्रॅमपर्यंतचा वजनकाटा आणि तो तपासायचं वजन. काटा रोज वापरण्याआधी तपासावा. ०.१ ग्रॅमचा स्वयंपाकघरातला काटा इथे निरुपयोगी. व्यास आणि जाडी मोजायला प्लॅस्टिकच्या जबड्यांचा व्हर्नियर, म्हणजे काठाला ओरखडे पडणार नाहीत. छोटं पण जोरदार निओडिमियम चुंबक, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. ५००० ते ५५०० केल्विनचा पांढरा दिवा. पिवळ्या दिव्याखाली प्रत्येक नाणं तांबूस वाटतं. शुद्ध ॲसिटोन, काचेची वाटी, ऊर्ध्वपातित पाणी. नखांचा रंग काढायचं द्रावण चालत नाही, कारण त्यात तेल व सुगंध मिसळलेले असतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं साधन: त्याच दर्शनी किमतीचं, शक्यतो त्याच सालाचं, त्याच टांकसाळीचं, न वापरलेलं साधं नाणं. शेजारी ते ठेवल्याशिवाय कुठलाही निष्कर्ष काढू नये.

तपासणीचा क्रम

क्रम बदलू नका. कोरड्या चाचण्या आधी, पाणी-ॲसिटोन शेवटी.

पहिल्यांदा वजन. नोंदवलेलं प्रमाण वजन आणि त्यातली मान्य सूट दोन्ही माहीत असली पाहिजेत. अमेरिकी नाण्यांची ही अशी: पाच सेंट ५.००० ग्रॅम, सूट ०.१९४. दहा सेंट २.२६८, सूट ०.०९१. पाव डॉलर ५.६७०, सूट ०.२२७. एक सेंट १९८२च्या बदलापर्यंत ३.११, सूट ०.१३, नंतर २.५०, सूट ०.१०. ब्रिटनचा पेनी ३.५६ आणि दोन पेन्स ७.१२ ग्रॅम. युरोचे १, २, ५ सेंट अनुक्रमे २.३०, ३.०६ आणि ३.९२ ग्रॅम.

भट्टीतल्या दोषाने वजन जवळजवळ बदलत नाही. थर निघालेल्या नाण्याचं बदलतं: पाव डॉलरचा एक थर गेला तर सुमारे ४.७ ग्रॅम उरतात, दोन्ही गेले तर सुमारे ३.८. दहा सेंटचा एक थर गेला तर सुमारे १.९. त्यामुळे एका बाजूने तांबडं पण ५.६७ ग्रॅम भरणारं पाव डॉलर हे थर निघालेलं नाणं असूच शकत नाही. तो भट्टीचा दोष असेल, नाहीतर कुणीतरी तांबं चढवलेलं असेल.

इथे एक मर्यादाही ध्यानात घ्या. मुलामा नसलेला जस्ताचा सेंट २.५० ऐवजी सुमारे २.४४ ग्रॅम भरायला हवा. फरक फक्त ०.०६, आणि मान्य सूटच ०.१०. म्हणजे २.४४ वजनाने काहीच सिद्ध होत नाही. अशा ठिकाणी वजन फक्त इतर शक्यता गाळायला उपयोगी पडतं.

दुसरं चुंबक. १९४३चा तांबूस सेंट चुंबकाला चिकटला तर ते तांबं चढवलेलं पोलाद, विषय संपला. न चिकटला तरी थांबू नका: १९४८च्या आकड्यातला ८ खरवडून ३ केलेला असू शकतो. उलट, ब्रिटनचं १९९२नंतरचं पांढरं दोन पेन्स चुंबकाला चिकटलं तर मुलाम्याविना राहिलेलं पोलाद असण्याची शक्यता जिवंत राहते. ताम्र-निकेलची नाणी चुंबकाला चिकटत नाहीत.

तिसरा काठ. तीन थरांच्या नाण्याच्या काठावर मध्ये तांबडा पट्टा आणि दोन्ही कडांना पांढरी रेघ दिसते. खरोखर थर निघाला असेल तर त्या बाजूची पांढरी रेघ नसते. बाजू तांबडी पण काठावर दोन्ही रेघा शाबूत, म्हणजे रंग वरवरचा. आणि सगळा काठ एकाच सोनेरी रंगाने झाकलेला असेल तर ते स्मरणवस्तू म्हणून खासगी विक्रेत्यांनी सोन्याचं पाणी दिलेलं नाणं. राज्य-मालिकेची अशी नाणी उदंड आहेत.

चौथी पायरी सगळ्यात निर्णायक: चकाकी आणि ओरखडे. दिवा एका बाजूला ठेवून नाणं हळूहळू तिरपं फिरवा. न वापरलेल्या नाण्यावर प्रकाशाचे पट्टे चक्राच्या आऱ्यांसारखे फिरतात. छाप बसताना धातू काठाकडे सरकतो, त्याच्या सूक्ष्म रेषांमुळे हे घडतं. रंग आधीचा असेल तर त्या रंगीत पृष्ठभागालाच त्या रेषा पडलेल्या असतात आणि चकाकी रंगातून फिरते. मातीत किंवा आम्लात रंग बदलला असेल तर पृष्ठभाग कुरतडलेला असतो, भिंगाखाली खळगे दिसतात, चकाकी मेलेली असते.

पण नुसत्या चकाकीवर विसंबू नका. अल्बममध्ये वर्षानुवर्षं राहून नैसर्गिकरीत्या कळकलेल्या नाण्यावरही चकाकी शाबूत असते. त्याचा रंग मात्र बहुधा काठापासून मध्याकडे कड्या-कड्यांनी येतो, किंवा अक्षरांच्या आडोशाला वेगळा दिसतो. भट्टीचा रंग चित्राला ओळखत नाही, कारण तो आला तेव्हा चित्रच नव्हतं.

म्हणून ओरखडे पाहा. प्रत्येक नाण्यावर दुसऱ्या नाण्यांवर आपटून पडलेल्या बारीक खुणा असतात. त्या छापल्यानंतरच्या. रंग आधीचा असेल तर अशी खोल खूण रंगाचा थर कापून जाते आणि तळाशी मूळ धातू उजळ दिसतो. रंग नंतरचा असेल तर खुणेच्या आतही तोच रंग भरलेला असतो. सूक्ष्मदर्शकाखाली किमान पाच-सहा खुणा दोन्ही बाजूंना तपासाव्यात, एकीवरून ठरवू नये. फार फिरलेल्या नाण्यात जुन्या खुणाही कळकतात, त्यामुळे ही कसोटी कमी वापरलेल्या नाण्यावर सर्वांत विश्वासाची. वापरलेल्या नाण्यावर उंचवटे पाहावेत: गाल, केस, अक्षरांचे माथे झिजून आतला पांढरा धातू दिसत असेल आणि खोलगट भाग एकसारखे रंगीत असतील, तर ते अनुकूल लक्षण आहे. पुरावा नाही, कारण बाहेरून चढवलेला रंगही उंचवट्यांवरूनच आधी झिजतो.

पाचवं, पापुद्रे. थर सुटलेल्या जागी काय आहे ते नीट बघा. छापण्याआधी सुटला असेल तर त्या उघड्या जागेवर छाप पूर्ण, गुळगुळीत, चकाकीसह असते. नंतर सुटला असेल तर ती जागा किंचित खोल, खरबरीत, आणि चित्र तिथे धूसर. तांबं-निकेलचा पूर्ण थर निघालेल्या नाण्यालाही हेच लागू: आधी गेला तर तांबड्या बाजूवर छाप स्वच्छ, फार तर चकती पातळ असल्याने थोडी उथळ. नंतर गेला तर तांबडा पृष्ठभाग रेघारेघांचा आणि चित्राचा नुसता मागमूस.

शेवटी ॲसिटोन, तेही शंका असेल तरच. काचेच्या वाटीत नाणं बुडेल इतकं घ्या, खिडकी उघडी ठेवा, जवळपास ज्योत नको. दहा मिनिटं ठेवा, चिमट्याने काठाला धरून दुसऱ्या वाटीतल्या स्वच्छ ॲसिटोनमध्ये बुडवून काढा आणि हवेत वाळू द्या. चोळू नका. ॲसिटोन रंग, लाख, गोंद, शाई काढतं, धातूला व ऑक्साइडला धक्का लावत नाही. रंग उतरला तर तो रंगच होता. पापुद्रे सुटत असलेलं नाणं यात मुळीच बुडवू नये.

विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेतली घनता, मोजणं आकर्षक वाटतं, पण छोट्या नाण्यावर त्याचा आवाका कमी. ५ ग्रॅमच्या ताम्र-निकेल नाण्याचं आकारमान ०.५६ घनसेंटिमीटर. पाण्यातल्या वजनात ०.०१ ग्रॅमची चूक झाली तरी उत्तर ०.१६ने हलतं. त्याने जस्त (७.१) आणि तांबं (८.९) वेगळे कळतील, पण तांबं आणि ताम्र-निकेल नाही. चुकीच्या चकतीची शंका असेल तेव्हाच हा खटाटोप करावा.

कोणती नाणी फसवतात

सर्वांत जास्त फसवतं ते शाळेच्या प्रयोगशाळेतलं नाणं. तांब्याचा सेंट कॉस्टिक सोडा आणि जस्ताच्या भुकटीत उकळला की चांदीसारखा होतो, आणि तो तापवला की तांबं व जस्त मिसळून सोन्यासारखं पितळ तयार होतं. रसायनशास्त्राच्या तासाला हा प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे आणि ती नाणी चलनात परत येतात. त्यांचा रंग फारच एकसारखा असतो, खुणांच्या आतही भरलेला, आणि अक्षरांच्या कडा गोलसर वाटतात. चंदेरी सेंट दिसला की आधी हाच संशय घ्यावा. पारा चोळून चंदेरी केलेली नाणीही असतात. पारा विषारी आहे, म्हणून तेलकट चकचकीत वाटणारं चंदेरी तांब्याचं नाणं उघड्या हाताने हाताळू नये, तापवू तर नयेच.

जस्ताच्या सेंटवरून तांबं आम्लाने उतरवलेलंही असतं. खऱ्या, मुलाम्याविना राहिलेल्या नाण्यावर निळसर-पांढरी चकाकी व धारदार छाप असते. उतरवलेल्यावर पृष्ठभाग दाणेदार, करडा, आणि अक्षरांच्या कोपऱ्यांत तांब्याचे कण अडकलेले.

१९४३चे पोलादी सेंट पुन्हा जस्त किंवा क्रोमचा मुलामा देऊन चकाचक करून विकलेले असतात. मूळ चकत्या आधीच जस्त चढवलेल्या पट्टीतून कापलेल्या होत्या, त्यामुळे काठावर जस्ताचं आवरण अखंड नसतं. काठ पूर्ण झाकलेला असेल तर नाणं पुन्हा मुलामा दिलेलं आहे.

ज्योतीवर तापवलेलं नाणं ओळखायला सर्वांत अवघड, कारण तिथेही खरे ऑक्साइड तयार होतात. फरक असा की ते पुढे आम्लात धुतलेलं नसतं आणि त्या ऑक्साइडवर छापही बसलेली नसते. पृष्ठभाग कोरडा, मंद, कधी काजळलेला. रंग एका बाजूकडून दुसरीकडे उतरत गेलेला, जिथे ज्योत लागली तिथे गडद. तीन थरांच्या नाण्यावर फोड, जस्ताच्या सेंटवर तर नक्कीच, कारण जस्त ४२० अंशांच्या आतच वितळतं. खुणांच्या आतला रंग इथेही निकाल देतो.

काही धातू मुळातच लवकर काळवंडतात, त्यांना दोष समजू नका. १९४२ ते १९४५च्या अमेरिकी युद्धकालीन पाच सेंटमध्ये ५६ टक्के तांबं, ३५ टक्के चांदी, ९ टक्के मँगनीज आहे. हे मिश्रण काळपट, पट्टेदार आणि पापुद्रे सुटणारं असणं नेहमीचंच. २०००पासूनच्या सोनेरी डॉलरच्या बाहेरच्या थरातही मँगनीज आहे, हाताच्या घामाने तो तपकिरी होतो. या दोन प्रकारांत भट्टीचा दोष मानायला पुरावा दुप्पट हवा. मातीतून निघालेली ताम्र-निकेलची नाणी तर विटकरी असतातच. त्यांचा पृष्ठभाग भिंगाखाली वाळूच्या कागदासारखा दिसला की पुढची तपासणी सोडून द्या.

कुठे शोधावं, कसं घ्यावं

सर्वांत भरवशाची जागा म्हणजे टांकसाळीच्या मूळ वेष्टनातले संच आणि कागदात एकावर एक गुंडाळलेल्या नाण्यांच्या न उघडलेल्या गुंडाळ्या. तिथे नाण्याला वापराचा, मातीचा, प्रयोगाचा स्पर्श झालेला नसतो, त्यामुळे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. गुंडाळीत आधी काठांची रांग बघा. वेगळ्या रंगाचा काठ रांगेत चटकन उठून दिसतो. सापडलं तर आधी वेष्टनासकट छायाचित्र घ्या, मग उघडा, आणि वेष्टन व शेजारची दोन-चार नाणी जपून ठेवा. सुट्या चलनातून शोधायचं असेल तर ५०-१०० नाणी पांढऱ्या कागदावर पसरून, पांढऱ्या दिव्याखाली, एकाच वेळी पाहावीत. एकेक नाणं हातात घेऊन रंगाचा फरक कळत नाही.

छायाचित्रावरून विकत घेताना दोन्ही बाजू, काठ, वजन आणि शेजारी साधं नाणं असलेलं छायाचित्र मागा. रंग कॅमेऱ्याच्या चुकीच्या सेटिंगनेही बनतो. शेजारचं साधं नाणंही तांबूस दिसत असेल तर दोष छायाचित्राचा. विक्रेता वजन सांगायला टाळत असेल तर घेऊ नका. महाग नमुना पीसीजीएस, एनजीसी किंवा अ‍ॅनॅक्ससारख्या प्रमाणन संस्थेने सीलबंद केलेला असावा, आणि लेबलवर दोषाचं नाव स्पष्ट असावं. नुसता दर्जाचा आकडा असेल तर रंगाबद्दल त्यांनी काहीही म्हटलेलं नाही असं धरा.

निवड करताना रंगाची एकसारखी खोली, शाबूत चकाकी आणि पूर्ण छाप यांना मान द्यावा. अर्धवट तांबूस झाक असलेली दहा नाणी घेण्यापेक्षा एक सबंध काळं, निर्विवाद नाणं संग्रहाला कितीतरी जास्त देतं. पण हलक्या छटेपासून पूर्ण काळ्यापर्यंत एकाच दर्शनी किमतीची पाच-सहा नाणी ओळीने लावली, तर भट्टीत काय घडत जातं ते डोळ्यांसमोर उभं राहतं. अशी मालिका जमवण्यासारखी आहे.

जपणूक

धुऊ नका, पुसू नका, चांदी उजळायच्या द्रावात तर कधीच बुडवू नका. ते द्राव ऑक्साइडच खातात, आणि इथे ऑक्साइड हाच ऐवज आहे. काठाला धरा, नायट्रिलचे हातमोजे घाला, खाली मऊ कापड असू द्या. सुती मोज्यातून नाणं निसटतं.

पाकिटं पॉलिएस्टर, पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रोपिलीनची, नाहीतर ॲक्रिलिकच्या डब्या. मऊ, लवचिक, नव्या रेनकोटसारखा वास येणारं पाकीट पीव्हीसीचं असतं. त्यातून सुटणारं आम्ल तांब्यावर हिरवट चिकट थर धरतं. शंका असेल तर तांब्याची तार लाल तापवून पाकिटाच्या तुकड्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे. हे उघड्यावर, नाण्यांपासून दूर करा. रबर बँड, लोकर, साधा पुठ्ठा आणि लाकडी कपाट यांतून गंधक किंवा आम्ल सुटतं आणि नंतरचा डाग आधीच्या रंगावर चढला की पुरावाच मिटतो. हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवा आणि आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास राखा. उघडं जस्त आणि उघडं पोलाद सर्वांत नाजूक, त्यांना वेगळा डबा आणि दर सहा महिन्यांनी जेल बदल.

प्रत्येक नाण्याची नोंद पाकिटाबाहेर, वहीत किंवा संगणकात ठेवा: दर्शनी किंमत, साल, टांकसाळीची खूण, वजन, व्यास, जाडी, चुंबक, काठाचं वर्णन, खुणांच्या आतला रंग, कुठून मिळालं, आणि रंग नेमका जुळवता यावा म्हणून शेजारी करडं कार्ड ठेवून घेतलेली तीन छायाचित्रं, त्यांपैकी एक काठाचं. वर्षाने तीच छायाचित्रं त्याच दिव्याखाली पुन्हा घ्या. रंग बदलला असेल तर एकतर साठवण बिघडली आहे किंवा नाणं भट्टीतलं नव्हतं. आधी पाकीट बदला, आणि ओरखड्यांची तपासणी पुन्हा पहिल्यापासून करा.